प्लग कोण लावणार? महापालिकेच्या गाड्यांचं एक प्रकरण

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातल्या एका महापालिकेच्या वाहन विभागातली ही फाईल. कुठली महापालिका ते मुद्दाम लिहीत नाही, कारण यात एकट्या कुणाचा दोष असा नाहीच, शेजारच्या महापालिकेत गेलात तरी थोड्याफार फरकाने हेच दिसेल. मला तिथे काम मिळालं होतं ते साधंच, गाड्यांची लॉगबुकं एक्सेलमध्ये उतरवून कुठली गाडी किती पळते ते काढून द्यायचं. प्लग-इन हायब्रीडचा, म्हणजे बॅटरी बाहेरून चार्ज करता येते आणि पेट्रोल इंजिनही असतं अशा गाडीचा, विषय त्यातून वर आला आणि मग बराच काळ टेबलावरून हललाच नाही.

सुरुवात झाली केंद्राच्या एका अधिसूचनेने. जानेवारी २०२३ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने जाहीर केलं की १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांचं रजिस्ट्रेशन रद्द, आणि सरकारी म्हणजे नुसत्या मंत्रालयातल्या गाड्या नाहीत, महापालिका आणि परिवहन उपक्रम सगळे त्यात आले. आता महापालिकेत गाडी १५ वर्षं झाली म्हणून कुणी निवृत्त करत नाही, ती कुठल्यातरी विभाग कार्यालयात ढकलतात, मग तिथून अतिक्रमण पथकाकडे, मग उद्यान विभागाकडे, असं करत करत चालवत राहतात. त्यामुळे यादी काढली तेव्हा जुन्या सुमो, बोलेरो, इंडिका अशी भली मोठी रांग निघाली आणि सगळ्यांना एकदमच पर्याय शोधायचा होता.

पर्याय काय, ते खरं तर राज्याने आधीच ठरवून दिलेलं. २०२१ च्या महाराष्ट्राच्या ईव्ही धोरणात होतं की एप्रिल २०२२ पासून मोठ्या शहरांत नवीन सरकारी गाड्या इलेक्ट्रिकच घ्यायच्या, आणि मग ती तारीख अलीकडे आणून १ जानेवारी २०२२ केली, विकत घ्या नाहीतर भाड्याने घ्या, सरकारी खाती आणि महापालिका दोघांनाही लागू. म्हणजे निर्णय झालेलाच होता, फक्त तो कुणाला मनापासून नको होता.

नको असण्यामागे निव्वळ आळस नव्हता हेही सांगायला पाहिजे. २०१७ मध्ये केंद्राच्या ऊर्जाबचतीचं काम करणाऱ्या ईईएसएल कंपनीने १०,००० इलेक्ट्रिक गाड्यांची निविदा काढली होती, टाटाची टिगोर आणि महिंद्राची ई-व्हेरिटो त्यातून सरकारी खात्यांना भाड्याने गेल्या, आणि २०१८ मध्ये दिल्लीतले अधिकारीच त्या वापरायला कुरकुर करायला लागले, की शहरात एका चार्जवर ८०-८२ किलोमीटर पण धड होत नाहीत. त्या टिगोरमध्ये बॅटरी होती १६.२ युनिटची, आजच्या गाड्यांपुढे ती काहीच नाही, पण "ईव्ही म्हणजे रस्त्यात बंद पडणार" हा समज तिथून जो बसला तो बसलाच. मीटिंगमध्ये एक साहेब सरळ म्हणाले, "मंत्रालयात अर्जंट बोलावलं, परत येताना चेंबूरला गाडी संपली तर आयुक्तांना काय सांगू?"

मग मधला मार्ग म्हणून नस्तीत, म्हणजे फाईलमध्ये, प्लग-इन हायब्रीड आली. कल्पना ऐकायला इतकी छान आहे की कुणीही हो म्हणेल, रोजचं ४०-५० किलोमीटर विजेवर, लांब जायचं झालं तर पेट्रोल आहेच, धोरणालाही थोडंफार धरून आणि साहेबही खूश. दोन्ही डगरींवर हात. सोबत परदेशातले दाखले जोडलेले, न्यूयॉर्क शहराच्या ताफ्यात शेवरोले व्होल्ट आणि फोर्ड फ्युजन एनर्जी होत्या वगैरे. दाखले खरे आहेत. व्होल्ट २०१० च्या शेवटी आली, १६ युनिटची बॅटरी, अमेरिकन सरकारी चाचणीत विजेवर साधारण ५६ किलोमीटर, मग पेट्रोल इंजिन. फ्युजन एनर्जी विजेवर तिशीच्या थोडं वर, आणि टोयोटाची २०१२ ची पहिली प्लग-इन प्रियस तर १८ च्या आसपास. म्हणजे प्लग-इन हायब्रीड म्हटलं की एकच चित्र डोळ्यासमोर आणून चालत नाही, त्यात विजेवर किती जाणार यात तिपटीचा फरक आहे.

गंमत म्हणजे नस्तीत उदाहरण म्हणून जी गाडी लिहिली होती ती इनोव्हा हायक्रॉस. हायक्रॉस हायब्रीड चांगली गाडी आहे पण तिला प्लगच नाही हो, ती बॅटरी इंजिनवर आणि ब्रेक मारताना भरते, बाहेरून वीज घ्यायची सोयच नाही. खऱ्या प्लग-इन म्हणाल तर तेव्हा भारतात मिळायच्या त्या बीएमडब्ल्यू एक्सएम असल्या, कोटीच्याही वरच्या. अधिकाऱ्याच्या पदानुसार गाडीच्या किमतीची मर्यादा वित्त विभागाच्या शासन निर्णयात असते, तिच्या आसपाससुद्धा या फिरकत नाहीत. शिवाय कर. ईव्हीवर जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के, आणि मोठ्या हायब्रीडवर सेससकट ४३ टक्के, सप्टेंबर २०२५ नंतर तो ४० झाला.

इथेच फाईल बंद व्हायला हवी होती असं कुणाला वाटेल. पण उपअभियंता मॅडमनी ती बंद केली नाही, आणि मला वाटतं या प्रकरणातली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच. त्या म्हणाल्या, आज गाडी नाही तर उद्या स्वस्तातली येईल, मग परत हाच प्रस्ताव येईल आणि परत आपण नुसतं परवडत नाही म्हणून परत पाठवू, त्यापेक्षा परवडली असती तर चालली असती का ते एकदा बघून टाकू. मग लॉगबुकं उघडली.

लॉगबुक ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यासाठी, त्यात तारीख, निघतानाचं रीडिंग, परत आल्याचं रीडिंग, कुठे गेली, कशासाठी आणि वापरणाऱ्याची सही असते. इंधन वेगळ्या पानावर, किती लिटर भरलं आणि ठरवून दिलेला ॲव्हरेज पडतो का. ही पानं चाळली की दिसतं, विभाग कार्यालयाच्या गाड्या दिवसभर बाहेर असतात पण पळतात फार कमी. ज्या विभागाची गाडी ती त्याच विभागात, शेजारच्या विभागापर्यंत गेली तर मोठी गोष्ट. एसी लावून फेरीवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभी, किंवा नाल्याच्या कडेला उभी. दुसरा प्रकार अधिकाऱ्यांच्या गाड्यांचा, घर-ऑफिस-मीटिंग, अधूनमधून मंत्रालय, कधी पुणे. आणि तिसरा छोटासा गट, पाणीपुरवठ्याच्या आणि आपत्ती कक्षाच्या गाड्या, ज्या कित्येक दिवस जागेवरून हलत नाहीत आणि पावसाळ्यात एखाद्या रात्री घोडबंदरपासून शिळफाट्यापर्यंत थांबत नाहीत.

पहिल्या गटाला पेट्रोल इंजिनची गरजच नाही. एवढ्याशा पळण्यासाठी साधी ईव्ही दोन दिवसांतून एकदा चार्ज केली तरी पुरते. म्हणजे प्लग-इन हायब्रीडचा खरा विचार करायचा तो दुसऱ्या आणि तिसऱ्या गटासाठी.

दुसऱ्या गटात अडचण किलोमीटरची नव्हतीच, ती रात्रीची होती. लॉगबुकमध्ये एक गोष्ट कुठेच लिहिलेली नसते, की गाडी रात्री उभी कुठे असते. मग चालकांना विचारायला लागलो. साहेबांना रात्री घोडबंदरला किंवा घणसोलीला सोसायटीत सोडायचं, मग काही जण गाडी मुख्यालयाच्या तळघरात आणून लावतात, काही साहेबांच्या सोसायटीतच ठेवतात आणि काही रस्त्यावर. सोसायटीत चार्जर बसवायचा तर कमिटी विचारते बिल कोण भरणार, आणि बदली झाली की साहेब जाणार, नवीन साहेब दुसऱ्या सोसायटीत. महावितरणकडे ईव्ही चार्जिंगला वेगळी दरश्रेणी आहे, वेगळं मीटर घेता येतं, सगळं होतं, पण कागद कुणाच्या नावाने करायचे, महापालिकेच्या की साहेबांच्या की सोसायटीच्या, यावरच अडतं.

तळघरात लावणाऱ्यांचं काय, तर तिथे सॉकेट होतं. एक ज्येष्ठ चालक, सगळे त्यांना काका म्हणतात, त्यांनी जे सांगितलं ते मी नोटमध्ये जसंच्या तसं टाकलं होतं, नंतर कुणीतरी ते खोडलं. "अहो, साहेबांना सोडून गाडी खाली लावेपर्यंत रात्र होते, मला बदलापूर लोकल पकडायची असते. ईव्ही असेल तर मी झक मारत वायर लावेन कारण सकाळी गाडी हलली नाही तर फोन मलाच येणार. तुमची ती पेट्रोलवाली वायर नाही लावली तर काय होतंय? काहीच होत नाही."

काहीच होत नाही. सगळं प्रकरण इथे आहे. साध्या ईव्हीला चार्जिंग विसरलं तर शिक्षा लगेच, सकाळी नऊ वाजता, सगळ्यांसमोर. प्लग-इन हायब्रीडला विसरलं तर गाडी मुकाट पेट्रोलवर धावते, साहेब वेळेवर पोहोचतात, पेट्रोल महापालिकेच्या खात्यावर पंपावरून मिळतं, आणि नुकसान फक्त महिन्याच्या बिलात कुठेतरी मुरतं जिथे बघायला कुणी नाही. शिवाय आता गाडीत बॅटरी आणि इंजिन दोन्हीचं वजन, म्हणजे चार्ज न केलेली प्लग-इन ही एक जड पेट्रोल गाडी.

आणि हे फक्त आपल्याकडचं नाही, आपले लोकच असे म्हणून हात झटकायला नको. स्वच्छ वाहतुकीवर संशोधन करणारी आयसीसीटी आणि जर्मनीची फ्राउनहोफर या संस्थांनी २०२२ मध्ये युरोपातल्या प्लग-इन गाड्यांचा खरा वापर तपासला. स्वतःची गाडी असलेले लोक जवळपास निम्मे किलोमीटर, ४५ ते ४९ टक्के, विजेवर चालवतात, आणि कंपनीच्या गाड्या ११ ते १५ टक्के. गाड्या त्याच प्रकारच्या, मोठा फरक हा की पेट्रोलचे पैसे कोण देतं. ब्रिटनमध्ये २०१८ ला एका ताफा सल्लागार कंपनीने आकडे काढले तेव्हा कंपन्यांच्या प्लग-इन गाड्या गॅलनला सरासरी ३९ मैल देत होत्या, जाहिरातीतला आकडा होता जवळपास १३०, आणि काही गाड्या परत आल्या तेव्हा चार्जिंगची केबल डिकीत, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये गाड्यांच्या आतल्या मीटरवरून जमवलेला डेटा छापला, त्यात प्लग-इनचं प्रत्यक्ष उत्सर्जन कागदावरच्या साडेतीन पट निघालं.

हे आकडे घेऊन मी एक सोपं गणित मांडलं, तंतोतंत नाही, समजण्यापुरतं. पेट्रोल १०० रुपये धरा, गाडी १५ चा ॲव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला ६ रुपये ६७ पैसे. वीज १० रुपये युनिट धरा, युनिटला ६ किलोमीटर, म्हणजे १ रुपया ६७ पैसे. आता ८० टक्के पळणं विजेवर झालं तर सरासरी २ रुपये ६७ पैसे पडते, झकास. पण युरोपातल्या कंपनीच्या गाड्यांसारखं १२ टक्केच झालं तर ६ रुपये ७ पैसे. आणि ज्या हायब्रीडला प्लगच नाही ती २० चा ॲव्हरेज देत असेल तर तिचा खर्च ५ रुपये. म्हणजे प्लग न लावलेली प्लग-इन ही प्लग नसलेल्या हायब्रीडपेक्षा महाग, आणि घेताना किंमत जास्त दिली ती वेगळीच. मीटिंगमध्ये दुसरं काही नाही पण हा शेवटचा मुद्दा बरोबर पोहोचला.

मग साहजिक सूचना आली की चालकांना सक्ती करा, चार्जिंग रजिस्टर ठेवा, पेट्रोलचं कुपन कमी करा. यावर लेखा विभागातल्या एका बाईंनी जो प्रश्न काढला तो मला तरी सुचला नसता. त्या म्हणाल्या, ॲव्हरेज कुठला धरायचा? लेखापरीक्षणाचा सगळा डोलारा गाडीच्या ठरलेल्या ॲव्हरेजवर उभा आहे, बोलेरोचा अमुक, इंडिकाचा तमुक, त्यापेक्षा कमी पडला की आक्षेप आणि चालकाकडून वसुलीची भाषा. प्लग-इन गाडी एका आठवड्यात लिटरला ४० देईल आणि पुण्याला जाऊन आली की १४, दोन्ही खरे. ४० ठरवला तर पुण्याला जाणारा चालक चोर ठरतो आणि १५ ठरवला तर जो रोज वायर लावतो त्याच्या नावावर न वापरलेलं पेट्रोल जमा होत जातं, आणि असं कागदावर शिल्लक राहिलेलं पेट्रोल सरकारी व्यवस्थेत फार काळ शिल्लक राहत नाही, जास्त सांगायला नको. वीज आणि पेट्रोल दोन्हीचं वेगवेगळं किलोमीटर गाडीतून काढून महिन्याला ताळा घालता येतो, तंत्रज्ञान आहे, पण तो ताळा तपासणारं कुणीतरी हवं आणि त्याच्या तपासणीला लेखापरीक्षकाने मान्यता द्यायला हवी. ॲव्हरेजचा नियम बदलल्याशिवाय अशी गाडी घेणं म्हणजे आक्षेपांना आमंत्रण, असं त्यांनी लेखी दिलं. नस्तीतला सगळ्यात चांगला परिच्छेद तोच आहे.

राहिला तिसरा गट. खरं सांगायचं तर आपत्ती कक्षाच्या गाडीला प्लग-इन हायब्रीड शोभली असती. ती रोज एकाच जागी उभी असते, चोवीस तास माणूस हजर असतो, सॉकेट भिंतीला आहे, रोजचं पळणं थोडं, आणि ज्या रात्री भरतीची वेळ आणि जोराचा पाऊस एकत्र येतो, सखल भागात पाणी भरतं, त्यात वीजही गेलेली असते, त्या रात्री टाकीतल्या पेट्रोलचा भरवसा लागतो. एकच बारीक गोष्ट, महिनोन् महिने विजेवरच चालली तर टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. व्होल्टमध्ये म्हणून सोयच होती, दीडेक महिना इंजिन चाललं नाही तर गाडी स्वतःहून थोडा वेळ चालू करते आणि इंधन वर्षभर जुनं झालं तर ते जाळून संपवायला लागते. पण आपल्याला हवी तशी, उंच, दणकट, बोलेरोच्या किमतीच्या आसपासची प्लग-इन बाजारात नव्हती, म्हणून या गटासाठी निर्णय झाला की आहे ती डिझेल गाडी चालू द्या.

ठरलं ते असं. प्लग-इन हायब्रीडचा प्रस्ताव मागे घेतला. विभाग कार्यालयांना ईव्ही, विकत न घेता चालकासकट भाड्याने, महिन्याला ठरावीक किलोमीटर, आणि गाडी रात्री विभाग कार्यालयातच उभी राहिली पाहिजे आणि चार्ज करून ठेवायची जबाबदारी ठेकेदाराची अशी अट निविदेत. अधिकाऱ्यांच्या गाड्यांपैकी ज्या रात्री मुख्यालयात येतात त्यांच्या जागी मोठ्या बॅटरीच्या ईव्ही, ज्या सोसायटीत राहतात त्यांचा विचार पुढच्या टप्प्यात. यावर दोन-तीन साहेबांनी ताबडतोब गाडी मुख्यालयात लावायला सुरुवात केली, कारण नवीन गाडी कुणाला नको असते.

पुढे सगळं गुळगुळीत झालं असं नाही. एका जुन्या विभाग कार्यालयाचा मंजूर वीजभारच इतका कमी की दुपारी एसी आणि चार्जर एकत्र लावले की एमसीबी पडायचा, कर्मचारी साहजिकच एसीच्या बाजूने, मग भार वाढवून घ्यायचा अर्ज, त्याची फी कुठल्या लेखाशीर्षातून यावर वेगळी नस्ती. इंधनाचा खर्च वाहन विभागाच्या शीर्षात पडायचा, वीज मात्र विद्युत विभागाच्या बिलात, म्हणजे वाहन विभागाची बचत दिसते आणि विद्युत विभागाचा खर्च वाढलेला दिसतो, आणि विद्युतचे कार्यकारी अभियंता दर मीटिंगला हेच काढायचे. शेवटी चार्जरला वेगळी सबमीटर बसवली तेव्हा भांडण थांबलं. खरं तर ती पहिल्याच दिवशी निविदेत असायला हवी होती, ज्यांना असलं काही करायचंय त्यांनी गाडीच्या आधी सबमीटर घ्यावी. पावसाळ्याआधी उघड्यावरच्या चार्जरवर शेड आणि खाली चौथरा हेही आठवण करून करून घ्यावं लागलं.

रेंजची भीती मात्र बऱ्यापैकी गेली, त्यात गाड्यांपेक्षा एनएमएमटी आणि टीएमटी या नवी मुंबई-ठाण्याच्या परिवहन सेवांच्या इलेक्ट्रिक बसचा हात जास्त असावा, दिवसभर डोळ्यांसमोर बस पळताना दिसते तेव्हा साहेबांच्या गाडीला काय धाड भरली असं लोकच म्हणतात. चेंबूरला गाडी संपण्याची चिंता करणारे साहेब आता मंत्रालयात ईव्हीने जातात. पुण्याला जायचं असेल तर अजूनही डिझेल मागतात.

सोसायटीत गाडी ठेवणाऱ्यांचा टप्पा अजून तिथेच आहे. मॅडमनी लॉगबुकच्या नमुन्यात एक नवीन रकाना टाकायला लावला, रात्री वाहन कोठे उभे होते, आणि सध्या निम्मे चालक त्यात नुसतं "योग्य ठिकाणी" असं लिहितात.